पश्चिमेकडचं छत

"टॉयलेट ब्लॉक उसको दे दो. उन लोगों को जमता है."

पॅन्ट्रीच्या दाराबाहेर मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. आत सौरभ सर बोलत होते, आमचे टीम लीड. ऐकत होती तारिणी, माझ्याच वयाची, माझ्याच हुद्द्यावरची आर्किटेक्ट.

"उन लोगों को मतलब?" तिने विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला. शब्द कळले नाहीत. तारिणीचं "अच्छा" तेवढं ऐकू आलं. लांबवलेलं, सगळं समजल्यासारखं.

बाटली न भरताच मी जागेवर जाऊन बसले.

दिल्लीत आमचं आडनाव कुणाला वाचता येत नाही. बाबा अमरावतीहून सरकारी नोकरीत इकडे आले, फरीदाबादला घर केलं, मला इंग्रजी शाळेत घातलं. इथल्या लोकांना आम्ही नुसते महाराष्ट्रातले. आडनावातली जात वाचता येते ती फक्त मराठी माणसाला. सौरभ सर पुण्याचे. पहिल्याच दिवशी ऑफिसात मराठी ऐकून मी इतकी खूश झाले की आपणहून जाऊन पूर्ण नाव सांगितलं. "अमरावतीचे का? अच्छा," ते म्हणाले. त्यानंतर माझ्याशी ते मराठीत बोलले नाहीत.

ऑफिसकडे तेव्हा फरीदाबादबाहेरच्या एका स्टेडियमचं काम होतं. पर्यावरणाला जपणारं हवं होतं. एसी शक्य तितका कमी. पावसाचं पाणी साठवून तेच मैदानाला आणि फ्लशला. जागेवरचे कडुनिंब तोडायचे नाहीत.

त्याचं छत मी काढलं.

शाळेत असताना मी धावायचे. एप्रिलमधल्या स्पर्धांना आम्हा मुलींना पश्चिमेकडे तोंड करून बसवायचे. ऊन सरळ डोळ्यांत. आम्ही दप्तरं डोक्यावर धरायचो. ते अंगात होतं माझ्या. म्हणून पश्चिमेचं छत मी उंच आणि खोल नेलं, दुपार कलली की त्याची सावली समोर, पूर्वेला बसणाऱ्यांच्या पायऱ्यांपर्यंत पोचेल असं. मागच्या भिंतीला ते टेकवलं नाही. तापलेली हवा निघून जायला फट ठेवली. पुठ्ठ्याची मॉडेल्स घरच्या गच्चीवर उन्हात मांडून सावली कुठवर सरकते ते बघत बसायचे. आई म्हणायची, "अगं, स्वतः तरी सावलीत बस."

तारिणीने मॉडेल पाहिलं, म्हणाली, "यार, ये तो कमाल है." मनापासून म्हणाली.

मला तिचा हेवा वाटतो. तिचे आजोबा आर्किटेक्ट, आई आर्किटेक्ट. तिला एखादी गोष्ट येत नसली तर ती हसून सांगते, "ये मुझे बिल्कुल नहीं आता," आणि शिकवायला माणसं धावतात. तिची चूक तिची एकटीची असते, संध्याकाळपर्यंत विसरली जाते. माझी चूक आरक्षणाच्या कोट्याची होते. इंग्रजी माझंही तिच्याइतकंच चांगलं आहे. तरी मीटिंगमध्ये मी वाक्य मनात घोळवत राहते आणि तेवढ्यात ती बोलून मोकळी होते. तिची हुशारी मला नको होती. तिला चुकायला मिळतं, ते हवं होतं.

टॉयलेट ब्लॉक माझ्याकडे आला. छताचं सादरीकरण तारिणीकडे गेलं. "तुम शाय हो ना, बेटा," सर म्हणाले. मी मान हलवली. टॉयलेट काढण्याची मला लाज नाही. स्टेडियममध्ये बायकांची रांग कुठे तुंबेल हे ओळखणं अवघड काम आहे आणि ते मी नीट केलं. पण ते काम माझ्याकडे माझ्या डोक्यामुळे आलं नव्हतं.

सादरीकरणाच्या दिवशी क्लायंटची माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. मी कोपऱ्यात, लॅपटॉपवर स्लाइड बदलायला. तारिणी उभी राहिली. छान बोलली. मग म्हणाली की हे छत तिला लहानपणी नानीच्या हवेलीच्या अंगणात सुचलं होतं. दुपारी सावली सरकायची, ती बघत बसायची.

माना डोलल्या. कुणीतरी म्हणालं, "वाह."

राग नंतर आला. आधी हेवाच वाटला. माझ्या छतालासुद्धा तिच्याकडे हवेली होती. घराणं होतं. माझ्याकडे डोक्यावर दप्तर धरलेल्या मुली होत्या, आणि त्यांच्याबद्दल मी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. तिने जागा घेतली, कारण ती रिकामी दिसत होती.

"चलो, अब टॉयलेट्स," सर माझ्याकडे हात करत म्हणाले. "ये हमारी टॉयलेट एक्सपर्ट."

टेबलाभोवती हसू पसरलं. तारिणीही हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

मी पुढची स्लाइड लावली नाही. छताचीच राहू दिली. उठले.

"ये छत मैंने डिज़ाइन की है," मी म्हणाले. "किसी हवेली से नहीं आई."

सौरभ सर खुर्चीतून अर्धे उठले. इतक्या दिवसांनी माझ्याशी मराठीत बोलले, दातांतल्या दातांत. "बस खाली. नंतर बोलू."

मी त्यांना मराठीतच उत्तर दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"छत माझं आहे, सर. त्यावर मीच बोलणार. तुम्ही बसा."