न्यूट्रलवरच्या गाड्या

कुणाविषयी लिहावं इतका मी मोठा नाही, चुकलं तर माफ करा. धायरीतल्या आमच्या सोसायटीचे वॉचमन काका दुपारी पार्किंगकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत बसतात, पाण्यावरच्या होड्या बघाव्यात तसे. एकीमागे एक लागलेल्या गाड्या ते सगळ्यांना न्यूट्रलवर ठेवायला लावतात आणि मनातल्या मनात ढकलत राहतात.

“काका, राखण करताय की बुद्धिबळ खेळताय?” सेक्रेटरींनी एकदा विचारलं.

“राखणच हाय, साहेब. चार चाली पुढची.”

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या छातीत कळ आली. काका मला म्हणाले, “आधी लाल गाडी मागं घे, मग पांढरी.” आम्ही दोन्ही ढकलल्या आणि अँब्युलन्स थेट जिन्याशी आली.

आजींना घेऊन अँब्युलन्स गेल्यावर काकांनी चहाही घेतला नाही. “आता चाल आपली न्हाई,” एवढंच बोलले.

संध्याकाळी आजींच्या मुलाचा त्यांना फोन आला. “काका, आई बोलायला लागली.”