कवळीची मुळं

आमच्या पाड्यामागे डोंगराचा जो उतार आहे, तिथे कवळी उगवायची. पावसाळ्यात जमिनीलगत लांब पानांचा झुबका यायचा, मधून पांढरी फुलं. आई पानं खुडून आधी देवाला ठेवायची, मग भाजी करायची. त्याआधी आमच्या घरात नवी हिरवी भाजी कोणी तोंडात घालत नसे. पूर्वी सगळा पाडा असं थांबायचा. नंतर लोक मुलुंडच्या बाजारातून काहीही आणून खाऊ लागले, पण आई थांबायची. म्हणून मीही थांबायची.

कवळीच्या खाली मुळं असतात, बोटांसारखी, पांढरी, एका गड्ड्याला लोंबलेली. एखादी बाळंतीण फार अशक्त झाली तर आई थंडीत एक रोप उकरायची, दोन बोटं मोडून घ्यायची आणि बाकीचा गड्डा होता तसा मातीत परत ठेवायची. वर माती दाबून म्हणायची, "निज आता." एका बाईसाठी दोन बोटं. तिसरं बोट घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. मुलुंडला एका कंपनीत मी काचेची भांडी धुते. तिथे झाडपाल्यापासून पावडरी, क्रीम, शक्तीची औषधं बनवण्यासाठी तपासण्या चालतात. माझ्यासोबत मालवणकडची एक बाई धुवायला आहे. ती दिवसभर बोलते आणि मी ऐकते. मला चार माणसांत बोलायला जमत नाही.

एकदा डब्यात मी कवळीची भाजी नेली होती. तपासणीवाल्या मॅडम तिथून जात होत्या. थांबल्या, वाकून बघितलं.

"मावशी, हे पान कसलं? कुठे मिळालं?"

मी खाली बघितलं. माझ्यासोबतची म्हणाली, "अगो, तुका तोंड आसा मां? मगे सांग की मॅडमांका."

मी सांगितलं. दोन बोटांचंही सांगितलं. एवढं मी त्या इमारतीत कधीच बोलले नव्हते. मॅडम स्टुलावर बसल्या, वहीत लिहून घेऊ लागल्या. "मावशी, तुम्ही तर चालतंबोलतं पुस्तक आहात!" म्हणाल्या. त्या दिवशी घरी येताना मला फार बरं वाटलं होतं, हे खरं आहे. लपवून काय करू.

रविवारी मॅडम पाड्यावर आल्या, फोटो काढले, आईच्या हातचा चहा प्यायल्या. आईचे गुडघे गेलेत, ती उतारावर चढत नाही. ती खालूनच म्हणाली, "दाखव गं बाय, सगळं दाखव. बाईमाणूस आहे, कोणाच्या आजारासाठीच विचारत असेल."

थंडीत मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता थोडी मुळं लागतील. नमुन्यापुरती."

थोडी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मला विचारायचं सुचलंच नाही. औषधाला मुळं मागितली की किती द्यायची हे आमच्यात ठरलेलं असतं. फार तर ओंजळभर नेतील, असं मी धरून चालले.

थंडीत कवळीचं वर काही दिसत नाही. पान सुकून उडून जातं. कुठे खणायचं ते माहीत असलेलाच ओळखतो. आई दाखवायला येऊ शकत नव्हती, तेव्हा दाखवणारी मीच. तीन माणसं कुदळी आणि गोण्या घेऊन आली. गोण्या बघून मी वाटेतच थांबले. पण मॅडम हसून म्हणाल्या, "चला मावशी, पुढे व्हा," आणि मी पुढे झाले. पायाच्या अंगठ्याने जागा दाखवत गेले. इथे. इथे. त्या दगडाच्या वरच्या अंगाला. माझ्या मागे कुदळ पडत होती.

ते सगळंच काढत होते, गड्ड्यासकट. मी मागे फिरून दोन-तीन गड्डे खड्ड्यात परत ठेवले, माती ओढली.

"ओ मावशी, काय करताय?" एक जण ओरडला. "वजन भरायचंय यार आम्हाला!" त्याने ते उचलून गोणीत टाकले.

मी मॅडमकडे बघितलं. त्या फोनवर बोलत होत्या, "हो, एकाच जागेचा माल पाहिजे, परत परत यायला नको." त्यांचं बोलणं संपेपर्यंत मी उभी राहिले. संपलं. त्यांनी विचारलं, "काय झालं मावशी?" मी म्हटलं, "काही नाही." आणि उरलेल्या जागाही दाखवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतार संपला.

नंतर कितीतरी आठवडे त्याच मुळांची पांढरी पावडर लागलेली भांडी मी धुतली. पुढे ती भांडी यायची थांबली. धीर करून मी मॅडमना विचारलं. त्या चांगल्या आहेत, मला नीट समजावलं. "मावशी, मूळ उत्तम आहे. पण शेतात लावलेलंही तेवढंच चालतं, आणि दर वेळी सारखं मिळतं. जंगलातलं घेऊन कंपनीला उपयोग नाही. ती फाइल बंद झाली." मग म्हणाल्या, "तुमची फार मदत झाली हं."

या पावसाळ्यात मी रोज सकाळी कामाआधी उतारावर गेले. खड्ड्यांत गवत आलं होतं. एके ठिकाणी तसं पान दिसलं म्हणून बसून बघितलं, ते दुसरंच निघालं.

आई रोज विचारायची, "निघाली का?" मी म्हणायची, "अजून नाही." ती सुक्या बोंबलाशी भात खायची. शेजारणीने टाकळ्याची भाजी आणून दिली तर तिने ती परत पाठवली. "कवळी खाल्ली नाही अजून." श्रावण अर्धा गेला. तिचं तोंड आलं होतं, जेवण कमी झालं होतं.

मग मी सांगितलं. चुलीपाशी बसून, तिच्याकडे न बघता. गोण्यांचं सांगितलं, अंगठ्याचंही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, "काय बनवलं त्याचं?"

"काही नाही."

"कोणाला दिलं पण नाही?"

"नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, "मग जा, टाकळा घेऊन ये."

मी आणला आणि शिजवला. देवापुढे काही ठेवायला ती उठली नाही. ताट पुढे ओढून तिने भाताबरोबर भाजी कालवली आणि खाल्ली. मला म्हणाली, "तू पण घे. कशासाठी थांबलीस?"