पुलपिटाखालचं बाक

आमचं चर्च ज्याने बांधलं त्याचा माणसांवर काडीचा भरवसा नसावा. दक्षिणेच्या लांबलचक भिंतीच्या मधोमध प्रवचनाचं उंच लाकडी पुलपीट, आणि तीन बाजूंना तीन सज्जे. वर उभ्या पाद्र्याला प्रत्येकाचं तोंड दिसलंच पाहिजे. कुणी डुलकी काढली, कुणी पेपरमिंट चघळलं, लपायची सोयच नाही.

जेमाइमा लीस्क या चर्चचं सगळं बघायची. आधी तिचा नवरा डॉड बघायचा. तो गेला तेव्हा, नवा माणूस मिळेपर्यंत सांभाळ जरा, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं. तीस वर्षांत नवा माणूस काही मिळाला नाही! बॉयलर पेटवा, बाकं पुसा, बर्फ ओढा, घंटा वाजवा. घंटेचा दोर तर बाहेरच्या भिंतीवरून लोंबतो. समुद्राचा वारा खात ओढायचा. कुणा शहाण्याला सुचलं होतं, देव जाणे.

मान एकच. मोठं बायबल छातीशी धरून ती आत आली की आम्ही सगळे उभे राहणार. ते पुलपिटात ठेवायचं, पाद्री वर चढला की त्याच्यामागे पुलपिटाचं दार लावायचं, आणि शेवटी तेच बायबल बाहेर न्यायचं. ते बाहेर जाईपर्यंत कुणी हलत नाही. मधला सगळा वेळ ती पुलपिटाच्या पायथ्याशी, भिंतीलगतच्या अरुंद बाकावर ताठ बसायची.

आता चर्च विकायला काढलंय. छप्पर गळतं, माणसं उरली नाहीत. ते वाचवायला भांडून भांडून आम्हीही थकलो. शेवटच्या रविवारी पाद्री फार्कर, पाच गावांना मिळून हा एकच, दारात तिला म्हणाला, “मिसेस लीस्क, आज बायबल मी उतरवू का? तुमचे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. तुम्ही प्रवचन आटोपतं घ्या, तेवढं पुरे.”

“अगं, पडलीस म्हणजे?” मी कुजबुजले.

“मग पुरायला लांब न्यावं लागणार नाही. डॉड इथेच अंगणात आहे.”

मी पुलपिटासमोरच्या माझ्या सज्ज्यात जाऊन बसले.

उपासना संपली. पाद्री उतरला, आम्ही उभे राहिलो, ती कठड्याला धरून वर गेली. आणि बायबल उचलायचं सोडून मटकन पाद्र्याच्या खुर्चीवर बसली. तिथे ती आजवर कधी बसली नव्हती. धाप लागली होती तिला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग वाकून खाली पाहिलं.

“मिस्टर फार्कर, इथून माझं बाक दिसत नाही.”

“नाही दिसत,” तो खालून म्हणाला. “कधीच दिसलं नाही.”

“काय सांगता! पाद्री बघतोय म्हणून तीस वर्षं ताठ बसले मी. पाठीचं वाटोळं झालं! अहो, झोपता आलं असतं की मला!”

सगळे हसले. ती हसली नाही. पुस्तकावर हात ठेवून नुसती बसून राहिली, आणि तिचा चेहरा इतका थकलेला मी डॉडला पुरलं त्या दिवशीही पाहिला नव्हता. चर्चमध्ये ओरडू नये हे मला कळतं, पण ओरडलेच.

“मला दिसायचीस गं! दर रविवारी!”

तिने मान वर केली. “तू? तू तर तोंड उघडं टाकून घोरायचीस!”

“घोरायच्या आधी बघायचे!”

“बरं झालं,” ती म्हणाली. “कुणीतरी बघितलं म्हणायचं.”

मग ती उठली. बायबल छातीशी धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरली. हात द्यायची कुणाची छाती झाली नाही. बाकांमधून चालत ती दाराबाहेर गेली. बायबल बाहेर गेलं. आता थांबायला काही निमित्त उरलं नव्हतं, म्हणून आम्हीही निघालो.