लोखंडी पेटीतला राउटर

माझ्या ताईला कुणी 'शांत बाई' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती शांतबिंत काही नाही. तिला मध्ये बोलायला कुणी जागाच ठेवलेली नाही, एवढंच.

ताईच्या घरी खाली वर्कशॉप आणि वर दोन खोल्या. भावजी लोखंडी फाटकं, जिने, कठडे बनवतात. त्यांचं वेल्डिंग बघण्यासारखं असतं, ते मी नाकारत नाही. पण फाटक किती उंच, जिना कुठे वळवायचा, पट्टी किती जाड, हे सगळं एकोणीस वर्षं ताई काढून देतेय. आधी कागदावर काढायची, मग सहा आठवड्यांचा क्लास करून कॉम्प्युटरवर काढायला लागली. शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा, त्यामागे तिचं टेबल, कीबोर्डवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. माझ्या सासरी पहिल्यांदा आली तेव्हा पाणी प्यायच्या आधी म्हणाली, "तुमच्या जिन्याची चौथी पायरी चुकलीय." सासूबाईंनी टेप आणून मोजली. चुकलीच होती.

आणि गिऱ्हाइकाने विचारलं, "ड्रॉइंग कुणी केलं हो?" की भावजी म्हणतात, "आपल्याकडेच होतं सगळं." म्हणजे जणू ते शेडमध्ये आपोआप उगवतं.

तर मागच्या महिन्यात शिक्षण खात्याने अकरा शाळांसाठी आराखडे मागवले होते. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलांसाठी घडी होणारा रॅम्प हवा होता. सकाळी उघडायचा, शाळा सुटली की भिंतीला टेकवून ठेवायचा. आराखडा ऑनलाइन पाठवायचा, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत. आणि अर्जात एक रकाना होता: आराखडा काढणाऱ्याचं नाव. वर्कशॉपचं नाव चालणार नाही, माणसाचंच हवं. ताईने मला हे फोनवर तीनदा सांगितलं. "कुणी काढलाय ते लिहायचंय गं," म्हणाली. मी ओळखलं. तिला तो रकाना भरायचा होता.

पण शेडमध्ये इंटरनेट कुठे होतं! कंपनीचा माणूस आला, वर बघितलं, खाली बघितलं आणि विचारलं, "हे घर आहे की धंद्याची जागा?" ताई म्हणाली, "वर राहतो, खाली काम करतो." तो म्हणाला, "मग तुम्ही दोन्हीत बसत नाही." वायर गल्लीच्या तोंडाशी सलूनपर्यंत आलेली, तिथून शेड चाळीस पावलांवर. चाळीस! ताईने मोजली होती. त्या पठ्ठ्याने वहीत 'शक्य नाही' लिहिलं आणि गेला.

ताईने मग सिमकार्डवर चालणारा राउटर आणला, खिडकीत ठेवला, वायरीने कॉम्प्युटरला जोडला आणि पाच मिनिटांत नेट सुरू. तिने कुणाला विचारलं नाही की कुणाला हाक मारली नाही. इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण घरात वेल्डर असला की कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. ग्राइंडरची धूळ जाईल, कुणी खिडकीतून हात घालून नेईल, असं म्हणत भावजींनी बुधवारी राउटरसाठी पेटी केली. तीन मिलिमीटरचा पत्रा, चारही बाजूंनी सलग वेल्ड, पुढे झाकण, आतल्या बाजूला बसवलेलं कुलूप, खाली दोन वायरींपुरतं भोक. वरून गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साईडचा हात. भिंतीत बोल्ट मारून ठोकली आणि किल्ली कमरेच्या जुडग्यात अडकवली.

नेट तिथल्या तिथे मेलं.

"अहो, लोखंडातून सिग्नल जात नाही," ताई म्हणाली.

"अगं, शेड पत्र्याचीच आहे ना? मग आत रेडिओ कसा वाजतो?"

रेडिओ खिडकीत वाजतो, हे तिने सांगितलं. ते ऐकायला भावजी तिथे थांबले नव्हते. पुढचे तीन दिवस ते फोनवर कंपनीला झापत होते. सिम बदलून आणलं, पेटी उघडून घातलं, परत पेटी बंद. कंपनीतल्या मुलीने शेवटी विचारलं, "सर, राउटर धातूच्या पेटीत तर ठेवला नाहीये ना?" भावजींनी फोन कापला. "काहीही विचारतात," म्हणाले. ताई दोन हात अंतरावर बसून आराखडा काढत होती. तिने मान वर केली नाही. मी असते तर तो फोन उचलून त्या मुलीला म्हटलं असतं, बाई गं, इकडे ये, तुझी दृष्ट काढते.

शनिवारी रात्री रॅम्प पुरा झाला. रविवारी सकाळी भावजी दुसऱ्या गावच्या कठड्याच्या कामाला निघाले. ताई म्हणाली, "किल्ली ठेवून जा. आज पाचपर्यंत पाठवायचंय."

"आल्यावर बघू," म्हणाले आणि गेले. किल्ली गेली आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोनही गेला. ताईकडे बटणांचा फोन आहे, कारण तिला काय लागतो मोठा! त्यावरून तिने दुपारी बारापासून सहा वेळा त्यांना लावला. वेल्डिंग करणाऱ्याला रिंग कुठली ऐकू येणार? आराखडा पेनड्राइव्हमध्ये घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेली, सलूनमध्ये गेली. रविवार, दोन्ही बंद. मी तर दोनशे मैलांवर.

साडेतीनला तिने राउटरचा प्लग काढला, पदर खोचला, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि ग्राइंडर उचलला. एकोणीस वर्षांत तिने त्याला हात लावलेला नव्हता. "तुझं काम नाही ते," एवढं ऐकून होती. पण कसा धरतात, ठिणग्या कुठल्या बाजूला जातात, हे तिने रोज दहा फुटांवरून पाहिलेलं. पेन्सिलीने झाकणावर चौकोन आखला. आतला राउटर मागच्या भिंतीला टेकलाय, झाकणापासून नऊ सेंटिमीटर आत, हे तिला ठाऊक होतं. चारही रेघा कापायला वीस मिनिटं लागली. पण रेघ सुटू दिली नाही, म्हणाली.

राउटर खिडकीत ठेवला. चार वाजून वीस मिनिटांनी आराखडा गेला आणि पावती आली. रकान्यात तिने आपलं नाव टाकलं, माहेरचं आडनावही लावलं. पावतीची प्रिंट काढून टेबलावर ठेवली.

भावजी सातला आले. आधी पेटीकडे बघितलं, तोंड उघडलं, मग जवळ गेले आणि बोटाने कापलेली कड चाचपली. गुण्या लावून बघितला. कोपरा काटकोनात होता. पावती समोरच होती, तिच्यावर नजरही गेली नाही.

"काप सरळ आहे," म्हणाले. "कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"अगं, कुणी तरी केलंय ना हे! दुसऱ्या कुणा वेल्डरला बोलावलंस का?"

हे मला फोनवर सांगताना ताईचा आवाज जरासुद्धा चढला नाही. रागाने बडबड मीच करत होते. ती फक्त म्हणाली, "मी त्यांना सांगितलं, मी आले होते. लग्न करून. एकोणीस वर्षं झाली."