डीला हात लावायचा नाही

चौदा वर्षांपूर्वीचं ते भांडण दीपमालानं पत्र्याच्या पार्टिशनमागून ऐकलं होतं. हातात झाडू होता. तो थांबवला तर आतल्यांना कळेल म्हणून ती एकाच फरशीवरून तो फिरवत राहिली. ती फरशी त्या दिवशी जेवढी स्वच्छ झाली, तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

आत दौलतराव शेठ आणि त्यांचे धाकटे भाऊ सोपानराव होते. तळवड्यात दोघांची शेड. पत्रा दाबून गाडीच्या सीटखालच्या पट्ट्या बनवायच्या आणि चाकणच्या मोठ्या कंपनीला पाठवायच्या, एवढाच धंदा. ऑफिसातला पोरगा आदल्या दिवशी न सांगता गेला होता आणि कॉम्प्युटर तोंड झाकून बसला होता.

"केर काढणारी बाई कॉम्प्युटरवर बसवणार? दादा, लोक हसतील."

"हसू द्या. सातवी शिकलीय, अक्षर चांगलंय. पोरं दर सहा महिन्यांनी पळतात. ही कुठं जाणार पळून?"

"आणि घोळ घातला तर?"

"तर काय? झाडू काय पळून चाललाय का?"

सोपानराव हसले. दीपमालाच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं. शेठ आपल्यासाठी सख्ख्या भावाशी भांडले, एवढंच तिनं पदराला बांधून घरी नेलं. बाकीचं अर्धं तिथंच पडून राहिलं, त्या चकचकीत फरशीवर.

बसली मग खुर्चीवर. शिकवलं कॉम्प्युटरवाल्या स्वराजनं, आणि तेही चहा गार होईपर्यंतच. हे विंडोज, हे चालू, हे बंद, हा उंदीर. जाताना त्यानं एक गोष्ट मात्र बजावली. "ताई, कॉम्प्युटरच्या पोटात दोन खण असतात. एक सी, एक डी. कामाचं सगळं डीमध्ये ठेवायचं. सी आजारी पडतं, मग मी येऊन ते पुसून नवं करतो. डीला मी हात लावत नाही."

आणि खरंच, दर एक-दोन वर्षांनी ते यंत्र कण्हायला लागायचं, स्वराज यायचा, सी पुसायचा आणि डी जसंच्या तसं असायचं. चौदा वर्षं हे असंच चाललं. दीपमालानं त्याचा नेमच करून टाकला. कुणी काही डेस्कटॉपवर ठेवलं की ती ओरडायची. शेठचा मुलगा रणजीत इंजिनिअर होऊन आला, त्यालाही तिनं सोडलं नाही. "भैय्या, उघड्यावर ठेवू नका. डीत टाका." तो मोठ्यानं हसला होता. तिला वाटलं, पोराला गंमत वाटली.

डीत काय होतं? तर पट्ट्यांचा प्रत्येक लॉट मापून त्याचा जो तपासणीचा अहवाल करायचा असतो, ते सगळे अहवाल. चौदा वर्षांचे. भोक किती मिलिमीटर, वाक किती अंश, मापलं कुणी. फोल्डरला नाव महिन्याचं, आतल्या फाइलला लॉटचं. कुठल्याही सालातला कुठलाही लॉट मागा, चहाचा घोट उतरायच्या आत ती पडद्यावर आणायची. दसऱ्याला कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडू आणि हळदीकुंकू. कुंकू सीडीच्या फटीत जाऊन बसलं ते बसलंच. जुन्या साडीच्या काठाचं कव्हरही तिनं हातानं शिवलं होतं. आपल्या नवऱ्याला तिनं आयुष्यात एवढं नटवूनथटवून ठेवलं नसेल.

शेडमधल्या बायकांना हे खुपायचं. गोजाबाई पॅकिंगला होती. पूर्वी पत्रा दाबायच्या प्रेसवर होती, पण प्रेसनं तिच्या बोटाचं पेर खाल्लं. येता-जाता म्हणायची, "पंख्याखाली बसून बटनं दाबायची, त्याला बी पगार. आमी बोटं दिली तरी हुभंच." दीपमाला उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायला तिच्याकडं दहाही बोटं शाबूत होती, हीच अडचण होती.

तर झालं असं, की यंदा चाकणच्या कंपनीनं कळवलं, शनिवारी आमचा माणूस तपासणीला येईल. तीन वर्षांचे अहवाल बघेल आणि कॉम्प्युटरमधलं विंडोज विकत घेतलेलं आहे का, तेही बघेल. आता ते स्वराजनं फुकटात टाकलेलं. सगळ्या गल्लीत एकाच सीडीवरून टाकत सुटला होता तो. रणजीतनं गुरुवारी सकाळी एक पेनड्राइव्ह तिच्या टेबलावर फेकला. "मावशी, ते चोरीचं काढा, लिनक्स टाका. फुकट असतं आणि कायदेशीर असतं. नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं, पोरं पण करतात." आणि मित्रांच्या गाडीतून लोणावळ्याला गेला.

दीपमालानं पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा विंडोजच. परत केलं, पुन्हा विंडोज. जुना भाडेकरू घर सोडायलाच तयार नाही. तिनं रणजीतला फोन लावला. "चालू होताना एफ बारा दाबा ना मावशी," तो म्हणाला. दाबलं, तर पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. दुसरा फोन. "यादीत खालचा पर्याय घ्या, सेफ लिहिलेला." तो घेतला आणि एकदाचं ते नवं घर उघडलं. सगळं निळंजांभळं, आणि वायफायचं नावच नाही. तिसरा फोन.

या वेळी पलीकडं गाणी वाजत होती. रणजीतनं फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण चार-पाच जणांचे आवाज येत होते.

"भैय्या, वायफाय दिसत नाहीये. पुढं जाऊ का?"

"मावशी, एक सांगा. झाडू मारताना पण विचारता का, कुठला कोपरा आधी?"

पलीकडं हशा उठला. कुणीतरी म्हणालं, "राव, कोण ठेवलंय हे ऑफिसात?" आणि फोन बंद झाला.

दीपमालानं मोबाइल पालथा ठेवला. पुढच्या पानावर इंग्रजीत काहीतरी आलं. तिनं एकेक अक्षर लावलं. इरेज डिस्क अँड इन्स्टॉल. डिस्क पुसा आणि नवं टाका. खाली बारीक अक्षरात सावधान का काय ते होतं. अशी सावधानं त्या पडद्यानं तिला चौदा वर्षांत हजार वेळा दिली होती, आणि एकदाही आभाळ कोसळलं नव्हतं. पुसायचं म्हणजे सी. स्वराज तेच करायचा. तरी बोट अडखळलं. विचारावं का, डी राहील ना?

फोन उलटा करून तिनं रणजीतचं नाव काढलं. त्या नावाकडं बघितलं. मग फोन पुन्हा पालथा घातला आणि बटण दाबलं.

अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. वायफाय तिनं स्वतःच्या डोक्यानं सोडवलं. मोबाइल वायरनं जोडला आणि त्याचंच नेट घेतलं. लेबलं छापायचा प्रिंटर हू का चू करेना, तर यादीतली नावं एकामागून एक लावून बघितली. सातव्या नावाला तो घुर्र करून जागा झाला आणि नमुन्याचा कागद बाहेर आला. दीपमालाला असं झालं, की कुणाला सांगू आणि कुणाला नको.

गोजाबाई पडद्यात डोकावली. "ह्ये काय गं, बदक?"

"पेंग्विन आहे तो. लिनक्सची खूण."

"त्यो बी काम करतो का तुज्यासारखं बसून?"

दीपमाला त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली. "करतो बाई. थांब, तुझ्या खोक्यांची लेबलं काढून देते." लेबलाचा नमुना डीत होता. तिनं डी शोधलं. फोल्डर उघडलं, दुसरं उघडलं, मागं आली. सगळी घरं नवीकोरी आणि रिकामी. गोजाबाई उभीच होती. दीपमालाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून घ्यायचं तिला सुचलं नाही.

शुक्रवारी स्वराज आला. डबा उघडून त्यानं तीन तास खटपट केली. काही तुकडे मिळाले, पण ना नाव, ना महिना, अर्धे आकडे अर्धी भुतं. "ताई, डी म्हणजे वेगळं कपाट नव्हतं हो. एकाच कपाटाचा दुसरा खण. तुम्ही आख्खं कपाट दिलंत."

"तू म्हणायचास, डीला हात लावत नाही."

"मी नव्हतो लावत." त्यानं स्क्रू गोळा केले. "शेठना माझं नाव सांगू नका, पोट आहे पाठीशी."

अहवालांच्या प्रती चाकणच्या कंपनीकडं होत्या. पण मागायच्या कशा? मागितल्या की कळलंच. छापून इथं ठेवायला शेठनीच बंदी केलेली, कागद वाया जातो म्हणून. ती शुक्रवारभर जुन्या वहीतून लॉटचे नंबर काढून कोऱ्या अहवालांवर घालत बसली. पण मापं कुठून आणणार? ती मनानं घालता येतात, आणि बरेच जण घालतात. तिला ते जमलं नाही. हा तिचा दुसरा मूर्खपणा, असं नंतर शेडमध्ये ठरलं.

शनिवारी कंपनीचा माणूस आला. पेंग्विन बघून खूश झाला. मग म्हणाला, "अहवाल दाखवा."

रणजीत पुढं झाला. "सर, आमच्या ऑफिसच्या बाईंनी नको ते बटण दाबलं. शिकलेल्या नाहीत, काय करणार." इतक्या सहज म्हणाला, की वाटावं चहात साखर जास्त पडलीय. तो माणूस हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. नव्या पट्टीचं काम दुसऱ्या शेडला जाणार, हे जाताना दारातच सांगून गेला.

दौलतरावांनी तिला आत बोलावलं. त्याच पार्टिशनच्या आत.

"शेठ, मी भैय्यांना तीनदा विचारलं होतं."

"आणि चौथ्यांदा तोंड शिवलं होतं का?"

रणजीत मोबाइलमध्ये बघत होता. आता तो काही बोलेल, म्हणून दीपमाला थांबली. त्यानं फक्त अंगठा वर सरकवला.

"सोमवारी तनुजा म्हणून मुलगी येतीय, डिप्लोमावाली," शेठ म्हणाले. आवाज चढवला नाही, तेवढी माया होती. "तू पॅकिंगला ये. आणि सकाळचा केर बघ. झाडू होता तिथंच आहे."

चौदा वर्षांपूर्वी पडून राहिलेलं ते अर्धं वाक्य, ते कधी कुठं गेलंच नव्हतं. दीपमाला मान हलवून बाहेर आली. दाराशी गोजाबाई होती. काहीतरी झणझणीत तिच्या जिभेवर आलेलं दिसत होतं. पण तिनं दीपमालाच्या तोंडाकडं बघितलं आणि नुसती सरकून वाट दिली. हे जास्त लागलं.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चाकणला जायचा त्या दिवसाचा शेवटचा माल. ज्योतीराम ड्रायव्हर, बारा वर्षं रोज याच वेळेला. आणि लेबलं? दोन दिवस हातानं लिहून भागवलं होतं. नमुना गेलेला, आणि त्या नव्या यंत्रातून लेबल काढणारं शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. दीपमाला खुर्चीवर बसली. कोऱ्या पानावर पहिल्यापासून चौकट आखली, पट्टीचं नाव घातलं, लॉट घातला, नग घातले, वजन घातलं. प्रिंटर घुर्र झाला. बावीस लेबलं. ती तिनं स्वतः खोक्यांवर लावली, कडा अंगठ्यानं दाबून, सरळ. नमुना मशीनमध्ये साठवला आणि त्याला नाव दिलं, तनुजाला सापडेल असं. मग कॉम्प्युटर बंद करून काठाचं कव्हर घातलं आणि मालाचं चलन घेऊन गेटवर गेली.

"सही करा म्याडम," ज्योतीराम म्हणाला. सगळ्या तळवड्यात तिला म्याडम म्हणणारा तो एकटाच.

तिनं सही केली. तारीख, वेळ, खाली नाव पूर्ण.

"सोमवारी येतो म्याडम."

"या. आणि पोचपावती आणा," दीपमाला रोजच्यासारखी म्हणाली, "दर वेळी विसरता."