उजव्या दांडीची फट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, विहारात रविवारी मांडीला मांडी लावून बसणाऱ्या दोस्तांजवळ नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्या उशाशी तीन दिवस बसून होतो — तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो.

वाशिमला माझं कमानपाट्यांचं, म्हणजे गाडीच्या चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांचं, गॅरेज आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मालाच्या गाड्या, वजनानं बसलेल्या कमानी — हेच काम. गाडीचं मागचं अंग कसं बसतं, कसं उठतं, हे मला चालीवरून कळतं. बढाई नाही ही. पुढचं सांगायला लागेल म्हणून सांगितलं.

गजानन आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो. मी मेडशीहून एसटीनं यायचो, तो गावाबाहेरच्या वाडीतून सायकलनं — त्यांची वांगी-मेथीची वाडी होती. चार वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मग एक दिवस उस्तादांचा टॉर्क पाना हरवला. महागाचा, बाहेरून मागवलेला. गजानननं सांगितलं, संजूच्या पिशवीत पाहिला. पिशवी उघडली तर त्यात काहीच नव्हतं. पण ते कुणाला हवं होतं? उस्तादांनी मला सगळ्यांसमोर बाहेर काढलं. वडील शाळेत शिपाई होते. ते आले, हात जोडून उभे राहिले. आणि परतताना बसमध्ये हळूच म्हणाले, "घेतला असशीन तं देऊन टाक, बाबू."

माझ्या वडिलांना ते खरं वाटलं होतं. 

पाना महिन्याभरानं उस्तादांच्याच घरी सापडला. हे मला दुसऱ्याकडून कळलं. माझ्याकडे कुणी आलं नाही. वडिलांना मी जाऊन सांगितलं, ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा अर्थ मला शेवटपर्यंत लागला नाही.

बारा वर्षांनी गजानन माझ्या गॅरेजात आला. जुनी ॲम्बॅसेडर घेऊन. त्याला शर्यतींचा नाद लागला होता — एका सरळ रेषेतल्या, थांबलेल्या जागेवरून सुटायच्या आणि पाव मैलात संपायच्या. दूरच्या एका बंद धावपट्टीवर जुन्या गाड्यांचा वेगळा गट असे. इंजिन त्यानं दमदार बसवलं होतं. पण एकदम सोडली की मागची चाकं उड्या मारायची, ताकद रस्त्यावर उतरत नव्हती. जिल्ह्यात हे काम करणारा मीच, म्हणून आला.

मी काम घेतलं. काहून घेतलं? तेव्हा मनात काहीच नव्हतं, शपथेवर सांगतो. कदाचित वाटलं असेल, आता तरी तो बोलेल. दोन्ही कमानी उतरवल्या, पाटे बदलले, कमानीखालून दोन जाड दांड्या बसवल्या. दांडीच्या टोकाला रबर असतं. गाडी जोरात सुटली की कमान पिळते, तेव्हा ते रबर कमानीला टेकतं आणि चाक जमिनीवर दाबून धरतं. आता खरी मेख अशी, की इंजिनाच्या पिळानं उजवं चाक उचललं जातं. म्हणून उजवी दांडी आधी टेकली पाहिजे, तिच्या रबराची कमानीपासूनची फट कमी ठेवायची. बस, एवढंच. दोन सुतांचा, पाव इंचाचा खेळ.

शेवटच्या दिवशी चहा घेत तो गाडीखाली वाकून पाहत होता. खुशीत होता. सहज विचारावं तसं त्यानं विचारलं —

"संजू, तू उस्तादाकडून काहून निंघून गेलता रे? मले तं आता आठोतच नाही."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता, नाटकही करत नव्हता. तो खरंच विसरला होता.

"असंच," मी म्हणालो. "घरचं काम निंघालं."

तो चहाचा कप ठेवून हात धुवायला गेला. मी गाडीखाली शिरलो आणि फट उलटी केली. डावी दांडी टेकवून घट्ट, उजवी मोकळी. दोन पान्यांचं काम, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.  इतके स्थिर हात मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

शिरपूरच्या रस्त्यावर आम्ही गाडी चालवून पाहिली. ती लोण्यासारखी पळाली — पळणारच. सावकाश चालवलं तर हा दोष दिसत नाही. पूर्ण ताकद एका क्षणात सोडली तरच दिसतो. हे मला माहीत होतं. त्याला नव्हतं.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की त्याचं चारचौघांत हसं व्हावं एवढंच मला हवं होतं. गाडी जराशी तिरकी जाईल, लोक हसतील. खोटं आहे ते. डिफरन्शियल वेल्ड करून मागची दोन्ही चाकं एकत्र जखडलेली गाडी, उजवं चाक उचललं की एकटं डावं ढकलणार, उजव्या हाताला लोखंडी कठडा — हे सगळं मी आधी गजाननबरोबर धावपट्टीवर जाऊन पाहून आलो होतो. मी कठड्याचा विचार केला होता.

मी शर्यतीला गेलो, कडेला लोकांत उभा राहिलो. हिरवा दिवा लागला, गाडीनं नाक वर उचललं आणि ती उजवीकडे वळली — अगदी माझ्या मनात होती तेवढी. मग कठड्याचा आवाज. लोक धावले. मीही धावलो, दार उचकटायला मीच पहिला हात घातला. त्याचा पाय खुब्यापासून मोडला होता. तो मला चिकटून ओरडत होता, आणि मी त्याला धरून होतो, आणि माझ्या आत — सांगायला जड जातं — थंडगार, छान वाटत होतं.

दवाखान्यात भेटायला गेलो. मी काही बोलायच्या आधी तोच बोलला. "तुहं काम एक नंबर होतं, संजू. माहाच पाय चुकला. क्लच लवकर सोडला म्या." त्याची बायको शेजारी रडत होती. म्हणाली, "भाऊजी, तुमीच समजवा यायले. रात्रंदिवस सोताले शिव्या देऊन राह्यले."

मी त्याला समजावलं. म्हणालो, होते अशी चूक, गजा.

आता तो लंगडतो. गाड्यांचं सगळं सोडलं, वाडीत असतो. बाजाराच्या दिवशी माझ्याकडे डोकावतो, मेथीच्या जुड्या ठेवून जातो, पैसे घेत नाही. स्टुलावर बसून चहा पितो आणि अजूनही कधीमधी विषय काढतो — म्या पाय जरा थांबवून सोडला असता तं? त्या वेळी त्याचा चेहरा माझ्या वडिलांसारखा होतो. त्यांचा पोटच्या मुलावर, याचा स्वतःवरच भरवसा न उरलेला.

त्याला खरं सांगितलं तर तो माझ्यावर चिडेल, पोलिसांत जाईल, मारेलही. त्याची मला भीती नाही. पण त्या दिवसापासून तो स्वतःला दोष देणं थांबवेल, आणि ते मला नको आहे. मी त्याचा चहा ओततो, त्याच्यासमोर बसतो आणि म्हणतो, "हो गजा, जरासा थांबाले पाह्यजे होता तू."