चिडचिड : लक्षण तिसरं

माझी अर्धशिशी माझ्यापेक्षा माझ्या घरच्यांना जास्त कळते. आणि हे त्यांना शिकवलं कोणी? मीच, अकलेच्या कांद्यानं! डोकं ठणकायच्या आधी खुणा दिसतात, त्या ओळखून वेळेत अंधारात शांत पडावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी नवरा, सासू, मुलगी, तिघांकडून त्या खुणा पाठ करून घेतल्या. जांभया, गोड खावंसं वाटणं आणि चिडचिड.

त्या रविवारी बाभुळगावला माझ्या भावाच्या शेतात रोडगे होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी! (हिवाळाभर मी याच दिवसाची वाट बघत होते.) सकाळी आवरताना मला जांभई आली. एकच!

"आई, हिले जांभई आली!" आमचे हे ओरडले.

सासूबाई धावत आल्या. "अन् हातात काय हाय तिच्या?"

हातात गुळाचा खडा होता. चहात टाकायला घेतला होता हो!

"गोड! दोन झाले," मुलगी म्हणाली.

"अवं, मले काही झालं नाही!"

"हळू बोल," हे म्हणाले. "काहून चिडून राह्यली तू?"

"चिडू नाही तं काय आरती ओवाळू तुमची?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तीन," मुलगी म्हणाली.

झालं! पडदे ओढले, मोबाइल काढून घेतला, ऐन थंडीत कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मी ओरडले की लक्षण पक्कं. गप्प बसले, तर सासूबाई कुजबुजल्या, "पाह्य, दुखाले लागलं." आता माणसानं करावं तरी काय?

"तू आराम कर. आम्ही जाऊन येतो, तुह्या भावाले वाईट नको वाटाले," असं म्हणून गाडी घेऊन तिघंही गेले. भाऊ माझा, रोडगे माझ्या माहेरचे आणि मी अंधारात टक्क जागी, डोकं ठणठणीत!

संध्याकाळी ढेकर देत परतले. मी दारातच कडाडले, "दुखलं का माह्यं डोकं? सांगा!"

"नाही ना दुखलं?" हे छाती फुगवून म्हणाले. "टायमावर ओळखलं म्हणून वाचली तू!"

"गुणाचं हाय माह्यं लेकरू," सासूबाई म्हणाल्या.

"माह्यासाठी काही पाठवलं का नाही वहिनीनं?"

"डबा देल्ता," हे म्हणाले. "पण तुपाच्या वासानं तुले तरास होईन म्हणून रस्त्यातच खाल्ला आम्ही."

त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे चकाकत्या वाकड्यातिकड्या रेघा नाचू लागल्या. खरीखुरी अर्धशिशी! पण सांगायची सोय होती का? सांगितलं असतं, तर यांचं सकाळचं निदान बरोबर ठरलं असतं! म्हणून मी ट्यूबलाइटखाली ताठ बसून हसत हसत अख्खी मालिका पाहिली. अर्धीच दिसत होती, पण पाहिली.